'स्टेल'ला मराठीत काय म्हणायचं? (नारळाच्या चेकवरून सुचलेला धागा)

माडाखालचा

मंडळी नमस्कार. धागा काढायचं कारण तसं फालतू आहे पण तीन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून टाकतोय.

आमच्या भाटातले नारळ घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यानं २०२५ च्या सप्टेंबरात चेक दिला होता, ४३०० रुपयांचा. चतुर्थी नुकतीच आटोपलेली, घरात पसारा, मी तो पंचांगात घालून ठेवला आणि जो विसरलो तो थेट आता जानेवारीत नवं पंचांग आणल्यावर जुनं रद्दीत टाकताना खाली पडला. धावत बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी चेक उलटासुलटा करून म्हणाली, "काका, हा स्टेल झाला." इतकं सहज, की जणू मी कालचा पाव परत करायला आलोय. घरी येऊन बायकोला सांगितलं की चेक शिळा झाला, तर ती चुलीकडून मान न वळवता म्हणाली, मग कांदा घालून फोडणीला टाका.

तेव्हापासून किडा वळवळतोय. इंग्रजीत पाव स्टेल, हवा स्टेल, विनोद स्टेल, बातमी स्टेल, चेक स्टेल. आपल्याकडे शिळा पाव ठीक आहे, शिळी बातमी पण चालते, पण शिळी हवा कोणी म्हणतं का? बंद खोली उघडल्यावर आपण म्हणतो कुबट वास येतोय, नाहीतर कोंदट झालंय. मग स्टेलला नक्की एक शब्द आहे का आपल्याकडे? आणि मुळात हा शब्द आला कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा, अजाणकारांनी पण टाकावा, थंडीचे दिवस आहेत.

फोडणीचा_पाव

वहिनींना साष्टांग नमस्कार. बाकी चर्चा चालू द्या.

कुळागरातली

एक शब्द नाही आणि नसलेलाच बरा. आमच्या स्वयंपाकघरात तर प्रत्येक जिन्नस आपापल्या पद्धतीनं जुना होतो. भात, पोळी, पाव शिळे होतात. बिस्कीट, चिवडा, पापड सादळतात. खोबरं, शेंगदाणे आणि तेल खवट होतात. दूध नासतं. आमटी उतरते, आणि तशीच ठेवली की आंबते. फुलं सुकतात. कालचं भरून ठेवलेलं पाणी पारोसं. लोणच्यावर बुरा येतो. आता सांगा, "बिस्किटं शिळी झाली" असं म्हटलं तर सासूबाई माझ्याकडे कशा बघतील? बिस्कीट महिन्याचं असो नाहीतर वर्षाचं, ते कुरकुरीत आहे तोवर शिळं नाही आणि काल फोडलेला पुडा रात्रभर उघडा राहिला तर आज सादळलेला.

आणि गोव्यात राहून सादळणं हा शब्द ज्याला कळला नाही त्यानं पावसाळा पाहिलाच नाही. सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यात जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काड्यापेटी ओढली तर गुल गळून पडतो, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव. आमच्याकडे चिवड्याचा डबा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवतात तरी तो सादळतोच.

पण एक गंमत बघा. इंग्रजीवाले कडक झालेल्या पावाला पण स्टेल म्हणतात आणि मऊ पडलेल्या बिस्किटाला पण स्टेलच. म्हणजे एक कडक झाला म्हणून वाईट आणि एक मऊ पडलं म्हणून वाईट, पण शब्द तोच! आपण हा घोळ कधीच घातला नसता.

माडाखालचा

@कुळागरातली, पारोसं विसरलोच होतो मी. आमची आजी अंघोळ न केलेल्या माणसालाही पारोसा म्हणायची आणि कालच्या पाण्यालाही. दोघांना देवघरात बंदी.

लेजर_कीपर

३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे चेकपुरतं बोलतो.

पूर्वी चेक तारखेपासून सहा महिने चालायचा. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व बँकेनं तो तीन महिन्यांवर आणला, कारण लोक चेक, ड्राफ्ट हातोहात फिरवायला लागले होते, रोख रकमेसारखे. त्यानंतर आलेला चेक बँक वटवत नाही, त्याला आम्ही स्टेल म्हणतो. पत्रात लिहायचं झालं तर "मुदतबाह्य धनादेश" लिहायचो, पण तोंडानं तो शब्द मी एकाही सहकाऱ्याकडून ऐकलेला नाही. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे स्टेलच म्हणायचे.

माडाखालचा, तुमचे पैसे कुठे गेलेले नाहीत. चेक शिळा होतो, देणं शिळं होत नाही (इतक्यात तरी). व्यापाऱ्याला गाठा आणि नवा चेक घ्या, नाहीतर त्याच चेकवर तारीख बदलून शेजारी पूर्ण सही करून मागा. हल्ली चेकवर नाव, रक्कम काहीही खोडलेलं चालत नाही, फक्त मुदत वाढवण्यासाठी तारखेची दुरुस्ती तेवढी चालते. तरी नवाच घेतलेला बरा, खाडाखोड पाहिली की काउंटरवर भुवया वर जातात.

वकिलीण_पणजी

@लेजर_कीपर "इतक्यात तरी" छान टाकलंत. कोर्टात पण स्टेल क्लेम असतोच. साधं उसनं वगैरे असेल तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारण तीन वर्षांत दावा टाकावा लागतो. गोव्यात तर जुन्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातली लांबलचक मुदत लागू की हा कायदा यावरच कितीतरी वर्षं भांडणं चालली, शेवटी २००१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १९६३ चाच कायदा. तोवर गोव्यातली देणी जरा जास्त दिवस ताजी राहात होती म्हणायची. कोर्टाच्या मराठीत आम्ही "मुदतीत बसत नाही" म्हणतो, शिळा दावा असं म्हणालो तर न्यायाधीश हसतील.

शब्दखोद्या

आता माझी पाळी, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

स्टेल हा शब्द आज नाक मुरडून म्हणतात पण जन्मला तेव्हा तो शाबासकीचा शब्द होता. साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत तो सापडतो तो एल म्हणजे जवाच्या दारूबद्दल. ताजी एल गढूळ असायची, त्यात यीस्ट आणि गाळ तरंगत असायचा. ती पिंपात हलवाहलव न करता उभी ठेवली की गाळ तळाशी बसायचा, वर नितळ आणि चढणारी एल मिळायची. ती स्टेल. म्हणजे "बराच वेळ उभी राहून निवळलेली". जुन्या फ्रेंचमधल्या एस्ताल या शब्दावरून आला असावा असं मानतात, आणि त्याच्या मुळाशी उभं राहणं, थांबणं आहे, तेच जे आपल्या स्था, स्थिर, स्थान मध्ये आहे. लांबचा नातेवाईकच म्हणा. चॉसर हा १४ व्या शतकातला कवी एलबद्दल बोलताना "मॉइस्ट की स्टेल" अशी जोडी लावतो, मॉइस्ट म्हणजे ताजी आणि स्टेल म्हणजे मुरलेली. पावाबिवासाठी "ताजेपणा गेलेलं" हा वाईट अर्थ १५ व्या शतकाच्या शेवटी दिसतो आणि शिळे विनोद, शिळ्या कल्पना त्याच्याही नंतर, १६ व्या शतकात.

पण दारूच्या धंद्यात जुना अर्थ टिकून होता बरं का. १८ व्या शतकातल्या लंडनमध्ये नवी बिअर म्हणजे माइल्ड आणि महिनोन्महिने ठेवलेली ती स्टेल, आणि स्टेल महाग! गुत्तेवाला दोन्ही मिसळून गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे देत असे.

आता आपलं बघा. शिळा हा शब्द संस्कृत शीतल पासून, प्राकृतात मधला त गळाला, मराठीत शिळा झाला. म्हणजे मुळात अर्थ फक्त "थंड झालेला". श्रावणात शितळासप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खातात, तिथे शीतळ आणि शिळं अजून एकाच ताटात बसलेत. शिळोप्याच्या गप्पा पण त्याच घरातल्या, उन्हं उतरली, जरा थंडावलं की मारायच्या त्या. हिंदीतलं बासी वास करणं वरून, रात्रभर मुक्काम केलेलं अन्न. संस्कृत पर्युषित पण तेच, रात्र काढलेलं. गीतेत १७ व्या अध्यायाचा १० वा श्लोक आठवा, यातयामं गतरसं पूति पर्युषितं च यत्. यात यातयाम म्हणजे एक प्रहर उलटून गेलेलं, पर्युषित म्हणजे रात्र उलटलेलं, आणि पूति म्हणजे दुर्गंधी सुटलेलं हा वेगळा शब्द. म्हणजे शिळं वेगळं आणि सडकं वेगळं हा भेद तेव्हापासून आहे.

थोडक्यात, इंग्रजांचं अन्न उभं राहिलं, आपलं थंड झालं, हिंदीवाल्यांचं मुक्कामाला राहिलं. बिघडलं असं तिघांपैकी कोणीच म्हणत नाही, नुसता वेळ गेला एवढंच म्हणतात.

फोडणीचा_पाव

चहा शिळा झाला वाचता वाचता. पण मस्त.

शब्दखोद्या

@फोडणीचा_पाव, चहा निवला म्हणा. शिळा उद्या सकाळी होईल.

साष्टीचो_भुरगो

मराठी मोडकी आहे, सांभाळून घ्या. शब्दखोद्या बाबानी सांगितलेली एलची गजाल वाचून मला फक्त एकच आठवलं. काल्ची कडी!

आमगेर रात्री नुस्त्याची (मासळीची) कडी उरली की मम्मी त्यातले तुकडे बाजूला काढायची आणि नुसती कडी कुंडल्यात (मातीच्या भांड्यात) मंद विस्तवार आटत ठेवायची. सकाळी ती इतकी दाट असते की कुंडलं तिरकं केलं तरी धावत नाही, कडेनं तेल सुटलेलं, मिरची सोलां आणि नारळ एकजीव झालेलं. पोदेर (पाववाला) पों पों करत आला की गरम उंडो (गोल पाव) घ्यायचा, तोडायचा आणि कुंडल्याची कड पुसून खायचा. कुंडल्याला चिकटलेलं कोणाला मिळणार यावरून आम्हां भावांची मारामारी. ताजी कडी दुपारची शितावर ठीक आहे, पण काल्ची ती काल्ची. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं) पण तसंच, केल्या दिवशी कोणी खात नाही, नाताळाचं दोन तीन दिवस आधी करून ठेवतात, रोज एकदा गरम करतात, व्हिनेगर मुरतं मग सामकें बरें लागता.

म्हणून आमच्यात थंडगार झालेल्याला शेळें म्हणतात पण ह्या कडीला कोणी शेळी कडी म्हणणार नाही. तिचं नावच काल्ची. हा तुमचा १३०० सालचा स्टेल नव्हे तर काय?

कुळागरातली

अगदी! आमच्याकडे ते कालचं हुमण. बांगड्याचं असेल तर माझा नवरा ऑफिसला उशिरा जातो.

आणि यावरून एक डोक्यात आलं. मराठीत म्हण आहे ना, शिळ्या कढीला ऊत आणणे, म्हणजे जुनं झालेलं प्रकरण उगाच उकरून काढणे. ती कढी ताकाची. ताकाची कढी दुसऱ्या दिवशी गॅसवर ठेवून खळाखळा उकळली तर फुटते, वर पाणी आणि खाली चोथा, म्हणून ऊत आणण्यात अर्थ नाही. ज्यानं ही म्हण केली तो नक्की घाटावरचा असणार. गोव्यात केली असती तर अर्थ उलटा झाला असता, कारण आमच्या शिळ्या कडीला मंद आचेवर तापवलं तरच ती खरी कडी!

माडाखालचा

हे भारी आहे. कढी आणि कडी या एका अक्षराच्या फरकात म्हणीचा अर्थ फिरतो.

स्टेथो

रसभंग करतोय, क्षमस्व. कालची कडी रोज नीट उकळून घेतली जाते, आंबटपणा असतो, ठीक. पण "शिळं म्हणजे बिघडलेलं नाही" हे वाक्य भाताला लावू नका. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात दुपारभर ओट्यावर उघडा राहिला की वाढतात आणि त्यातल्या काहींचं विष फोडणीनं पण जात नाही. वास येत नाही, चवही बदलत नाही, मग रात्री उलट्या. भात उरला तर पसरट भांड्यात लवकर थंड करून दोनेक तासांच्या आत फ्रिजमध्ये. मग खुशाल फोडणीचा भात करा, मी पण खातो.

भट्टीवाला

इतकं पावावर चाललंय आणि पाव भाजणाऱ्यांपैकी कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आजोबा पोदेर, वडील पोदेर, मी कॉम्प्युटरवर, पण सुट्टीत भट्टीवर उभा राहिलोय.

लोकांना वाटतं पाव शिळा होतो म्हणजे सुकतो, त्यातलं पाणी उडतं. तसं नाही. १८५२ साली बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाव हवाबंद ठेवून दाखवलं की पाणी जराही न जाता तो शिळा होतोच. होतं असं की पिठातला स्टार्च भट्टीत पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. पाव थंड व्हायला लागला की तोच स्टार्च परत आवळत जातो, त्याचे रेणू पुन्हा रांगेत बसतात, पाणी पावातच असतं पण मऊपणा जातो. (शब्दखोद्या म्हणतात तसं थंड झाला आणि शिळा झाला, शब्दशः!) आणि याला सगळ्यात जास्त आवडणारी जागा म्हणजे फ्रिज. गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडाव्यात हे सगळ्यात वेगानं होतं. आमचे वडील फ्रिजमध्ये पाव ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे, देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. ठेवायचाच तर फ्रीझरमध्ये, नाहीतर फडक्यात गुंडाळून बाहेर.

परत मऊ करायचं असेल तर हात ओला करून पावावर फिरवा आणि झाकण घालून तव्यावर ठेवा, साठ अंशांच्या वर गेला की स्टार्च सैल पडतो. पण लगेच खा. एकदा परतवलेला पाव थंड झाला की दुसऱ्यांदा जास्तच कडक होतो.

आमच्याकडची पोय, ती कोंड्याची, आत पोकळ, पहाटे भट्टीतून निघते तेव्हा फुगलेली, बोट लावलं तर वाफ फुस्स करून निघते. तीच दुपारी तीन वाजता चपलेचा तळवा. आतून पोकळ असल्यानं तिला पाणी धरून ठेवायला गरच नाही, तिथे मात्र सुकणं पण होतं. उंडे त्या मानानं टिकतात. आणि कांकण, बांगडीसारखी असतात ती, ती मुळातच पूर्ण सुकवलेली, त्यामुळे कांकण शिळं होऊच शकत नाही, होईल तर कुळागरातली म्हणतात तसं सादळेल. चहात बुडवायचं असल्यानं तेही कोणाला कळत नाही.

उरलेला पाव आमच्या घरी वाया जात नसे. वाळवून, खलबत्त्यात कुटून त्याचा चुरा कटलेटला. शेजारच्या बाई अंड्यादुधात बुडवून तळायच्या आणि साखर भुरभुरायच्या, त्याला पोर्तुगीजमध्ये फातियश दोरादश म्हणतात, सोनेरी काप. कालचाच पाव लागतो त्याला, ताजा दुधात विरघळतो.

साष्टीचो_भुरगो

चपलेचा तळवा!! पोयेचो अपमान सहन करणार नाही. पण खरं आहे.

कॅशवाला

आमच्या धंद्यात पण स्टेल आहे आणि तो सगळ्यात निर्लज्ज. ब्राउझर वेबसाइटची प्रत स्वतःकडे साठवून ठेवतो, सर्व्हर सांगतो की ही अमुक सेकंद ताजी समज. ते सेकंद संपले की ती प्रत स्टेल. एक अक्षर बदललेलं नसलं तरी स्टेल, म्हणजे चेकचाच न्याय. आणि आमच्याकडे एक सोय आहे, तिचा अर्थ असा की शिळं असेल तर आधी शिळंच वाढ, आणि मागच्या दारानं ताजं मागव. खानावळीत गिऱ्हाईक आल्या आल्या कालच्या कडीवर बसवायचं आणि आत आजचं हुमण शिजत ठेवायचं. फरक एवढाच की आमच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. मराठीत? आम्ही "डेटा स्टेल आहे" म्हणतो. शिळी माहिती म्हणायला हरकत नाही खरं तर.

अडीच_घरं

बुद्धिबळातला स्टेलमेट राहिला की! राजाला शह नाही पण खेळायला एकही चाल नाही, डाव बरोबरीत. नोव्हेंबरात गोव्यातच वर्ल्ड कप झाला तेव्हा मी पोराला घेऊन बघायला गेलो होतो, तिथे त्यानं विचारलं, बाबा यात शिळं काय आहे? मला उत्तर देता आलं नाही.

शब्दखोद्या

पोराला सांगा, शिळं काही नाही, थांबलेलं आहे. तो स्टेल म्हणजे अडून उभा राहिलेला, घराणं तेच उभं राहण्याचं पण वाट वेगळी. आणि त्याला ही पण गंमत सांगा की इंग्लंडात साधारण १६०० ते १८०० या काळात स्टेलमेट करणारा हरला असं धरत! समोरच्याची कोंडी करून सोडवता आली नाही ही तुझी चूक, असा न्याय. मराठी पेपरवाले राजकारणातल्या स्टेलमेटला कोंडी म्हणतात तो शब्द झकास आहे.

खोडसाळ

सगळे जेवून झालात का? मग सांगतो. इंग्रजीत घोड्याच्या मुताला पण स्टेल म्हणायचे, आणि घोडा मुतला की "स्टेल केलं". शिवाय माणसांचं मूत पण मुद्दाम दिवसेंदिवस साठवून ठेवत, त्यातून अमोनिया तयार होतो, मग त्यात कपडे धुवायचे आणि लोकर रंगवायची. म्हणजे हे पण जितकं स्टेल तितकं चांगलं.

कुळागरातली

मी जेवत होते.

खोडसाळ

काय होतं?

कुळागरातली

कालचं हुमण. आता नाही जात.

बाजारातली_पिशवी

मासळीबद्दल कोणी बोललं नाही? आमच्याकडे "शिळं नुस्तं" म्हणणं म्हणजे मासळीवालीशी युद्ध. गिऱ्हाइकानं म्हणायचं, "गे बाये, आज जरा उतरलेली दिसते", ती म्हणणार "आत्ता ट्रॉलरवरून आलीय, डोळे बघ तिचे". डोळे बघायचे, फुगीर आणि काचेसारखे हवेत, खोल गेलेले नकोत. कानं उचलून आतला रंग लाल हवा. पोटावर बोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलीनचा गाजावाजा झाला तेव्हा तर उलटंच झालं, वास न येणारी मासळी बघूनच लोक घाबरायला लागले, माशी बसलेली दिसली की हायसं वाटायचं. तेव्हा १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी चालू, म्हणजे मासळी बाहेरूनच येणार, त्यामुळे संशय अजूनच. आमच्या घरी दोन आठवडे नुसतं सुकं खारं आणि सोलकढी. मासळीला स्टेल हा शब्द मला अपुरा वाटतो. पाव एक दिवसानं स्टेल, मासळी तासानं.

शिट्टी

फुटबॉलमध्ये पण म्हणतात. जुने कोच सांगायचे "द बॉय हॅज गॉन स्टेल", म्हणजे जखम नाही, आजार नाही पण जादा सरावानं खेळाडूतला जीव गेलेला. आता त्याला ओव्हरट्रेनिंग वगैरे म्हणतात. आमच्या मैदानावर मराठीत म्हणतो, पोरगा जड झालाय. दोन दिवस बॉल काढून घ्यायचा, समुद्रात पोहायला पाठवायचा.

शुद्धलेखक

एवढी चर्चा झाली पण सरळ "शिळा" हाच शब्द सगळीकडे रूढ करावा असं कोणालाच का वाटत नाही? शिळा धनादेश, शिळी हवा, शिळा विदा (म्हणजे डेटा), शिळा खेळाडू. वापरलं की रुळतं. आपणच नाक मुरडलं तर भाषा वाढणार कशी?

कुळागरातली

शिळा खेळाडू ऐकून तो खेळाडू मैदान सोडून जाईल हो. आणि वाढवायला कशाला पाहिजे, आपल्याकडे शब्द कमी आहेत म्हणून नाही तर जास्त आहेत म्हणून अडलंय. एकच शब्द सगळीकडे चालवला तर सादळलेलं, खवट, कुबट, पारोसं हे सगळे घरी बसतील. माझ्या मुलीला आत्ताच खवट कळत नाही, ती खोबऱ्याला पण "खराब झालं" म्हणते. खराब! म्हणजे काय झालं ते काहीच कळत नाही, फेकायचं की तेल काढायचं की उन्हात घालायचं?

लेजर_कीपर

+१. खराब हा शब्द स्टेलपेक्षा वाईट.

माडाखालचा

शुद्धलेखक, तुमचा मुद्दा पटतो अर्धा. शिळी माहिती, शिळी बातमी, शिळा विनोद हे मी आजपासून बिनदिक्कत वापरणार. (चावून चोथा झालेला विनोद हा त्याहून पुढचा, तो स्टेल नाही, तो मेलेला.) पण हवेला कोंदट, बिस्किटाला सादळलेलं आणि पोराला जड झालाय, हे सोडवत नाही. इतके प्रतिसाद वाचून मला जे वाटतं ते असं की आपले शब्द त्या वस्तूचं काय झालं ते सांगतात आणि स्टेल फक्त घड्याळ दाखवतो. पाव हळूहळू शिळा होतो, पोय दुपारी तीनला, मासळी तासाभरात, पण माझा चेक? तो १२ सप्टेंबरला जसा होता तसाच कडक करकरीत होता, पंचांगात दाबून ठेवल्यानं उलट इस्त्री झालेली, सही ठळक. डिसेंबरातल्या एका मध्यरात्री तो झोपेत स्टेल झाला आणि त्याला स्वतःला पत्ता नाही.

असो. अपडेट द्यायचं राहिलं. लेजर_कीपर यांनी सांगितल्याप्रमाणे व्यापाऱ्याला गाठलं. माणूस चांगला, लगेच स्कूटरच्या सीटवर ठेवून नवा चेक लिहून दिला. मी काल बँकेत गेलो, तीच मुलगी. तिनं चेक बघितला, माझ्याकडे बघितलं, परत चेक बघितला.

पठ्ठ्यानं तारीख घातलीय १४ जानेवारी २०२५.

फोडणीचा_पाव

हा तर जन्मतःच शिळा!!

लेजर_कीपर

दर जानेवारीत होतं हे, ३४ वर्षं पाहिलंय. घाबरू नका, सालाची दुरुस्ती करून शेजारी पूर्ण सही घ्या. नुसती इनिशियल नको.

माडाखालचा

सांगितलं त्याला फोनवर. तो दोडामार्गला गेलाय नारळ उतरवायला, रविवारी येतो म्हणाला. या वेळी चेक पंचांगात नाही, तांदळाच्या पिंपात ठेवलाय, चिवड्याच्या डब्याशेजारी.